तीन दिवसांचे मंत्रिमंडळ: नागपूर १९३८ आणि आजचे लंडन

भिलाईहून पुन्हा तुमच्या भेटीला आलोय. आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मागे एका भागात मी डॉ. नारायण भास्कर खरे यांचा उल्लेख केला होता. बोलता बोलता सांगून टाकलं, की १९३८ साली मध्यप्रांताच्या हिंदी पुढाऱ्यांनी एकजूट करून एका मराठी माणसाला खाली ओढलं. हे मी लहानपणापासून घरात ऐकत आलो. माझे वडील नागपूरकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा नोकरीसाठी इकडे आले. आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात रविवारी चार मराठी माणसं जमली की चहाबरोबर खरे प्रकरण निघायचंच. मी तीच कहाणी जशीच्या तशी तुम्हाला ऐकवली.

त्यावर राजनांदगावच्या एका श्रोत्याने मला एकच प्रश्न विचारला, "कर्नलसाहेब, मग आमचे ठाकूर प्यारेलाल सिंह कोणाच्या बाजूने होते?" मी गप्प झालो. फौजेत चुकीचा रिपोर्ट दिला तर दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. आजचा भाग म्हणजे तो दुरुस्त रिपोर्ट समजा.

आधी नकाशा बघू. तेव्हाचा मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा मोठा विचित्र प्रांत होता. राजधानी नागपूर. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि वऱ्हाडचे चार असे आठ जिल्हे मराठी. उरलेला मुलूख हिंदी, त्यात आपला दुर्ग आणि रायपूरही आला. सरकार एक असलं तरी काँग्रेसच्या प्रांतिक समित्या तीन होत्या: नागपूर, विदर्भ आणि महाकोशल. एका पलटणीला तीन कमांडर दिल्यावर जे होईल, तेच इथे झालं.

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वराज्य दिलं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने इथे ११२ पैकी ७० जागा जिंकल्या. महाकोशलचे आमदार संख्येने जास्त होते, पण त्यांच्यात फूट होती. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल आणि जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र यांचं तेव्हा जमत नव्हतं. त्या फटीतून नागपूरचे डॉ. खरे नेते झाले. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. विधानसभेच्या अध्यक्षपदी आले आपल्या शेजारच्या दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त.

पुढे शुक्ल आणि मिश्र यांचं जुळलं आणि खऱ्यांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. मे १९३८ मध्ये पचमढीला सरदार पटेलांच्या मध्यस्थीने समेट घडवण्यात आला. सगळ्यांनी मिळून काम करायचं ठरलं. तो समेट दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै १९३८. डॉ. खऱ्यांनी गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकडे राजीनामा दिला. रामराव देशमुख आणि पुरुषोत्तम गोळे या दोन मराठी मंत्र्यांनीही दिला. हेतू असा, की पंतप्रधान गेला म्हणजे सगळं मंत्रिमंडळ गेलं, आता नव्याने आपल्या पसंतीची माणसं घ्यायची. पण महाकोशलचे तिघे, म्हणजे शुक्ल, मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता, अडून बसले. त्यांचं म्हणणं असं, की आम्हाला इथे पक्षाने बसवलंय, पक्षश्रेष्ठी सांगतील तेव्हाच उठू. मग गव्हर्नरने आपला अधिकार वापरला आणि तिघांना बडतर्फ केलं. २१ जुलैला खऱ्यांचं दुसरं मंत्रिमंडळ तयार झालं.

आता त्यात कोण होतं ते ऐका. खरे, देशमुख, गोळे हे जुने तिघे. नवे दोन, रामेश्वर अग्निभोज आणि ठाकूर प्यारेलाल सिंह. हे ठाकूरसाहेब राजनांदगावचे, तिथल्या गिरणी कामगारांचे पुढारी, छत्तीसगडच्या सहकारी चळवळीचे आद्य पुरुष. आजही राज्य सरकार त्यांच्या नावाने सहकाराचा पुरस्कार देतं. छत्तीसगडचा हा हिंदीभाषक नेता खऱ्यांच्या बाजूने उभा होता. अग्निभोज दलित समाजातले. म्हणजे भांडण भाषेच्या रेषेवरून जात होतं हे खरं, पण रेषा सरळ नव्हती.

वर्ध्याला काँग्रेसचे श्रेष्ठी जमले. २३ जुलैला खऱ्यांना पुन्हा राजीनामा द्यावा लागला. म्हणजे दुसरं मंत्रिमंडळ तीन दिवसांचं. शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते गांधीजींना भेटले. चूक कबूल करणारं एक निवेदन तयार झालं, पण त्यावर सही करायला खऱ्यांनी नकार दिला. मग कार्यकारिणीने त्यांना जबाबदारीच्या पदाला नालायक ठरवणारा ठराव केला. शुक्ल नवे पंतप्रधान झाले. या सगळ्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस.

आता लंडनला जाऊ. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब वर्ध्याहून थेट लंडन? थेटच. कारण खरे ज्या नियमावर बोट ठेवत होते, तो नियम तिथलाच. पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ गेलं, हा ब्रिटिश पार्लमेंटचा रिवाज. आणि खऱ्यांचा खरा प्रश्न, म्हणजे पंतप्रधान कोणाला जबाबदार, निवडून आलेल्या सभागृहाला की बाहेर बसलेल्या पक्षाला, हा ब्रिटनलाही आजवर नीट सोडवता आलेला नाही.

१९४५ मध्ये निवडणुकीच्या ऐन धामधुमीत मजूर पक्षाच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष हॅरॉल्ड लास्की म्हणाले, की पॉट्सडॅमच्या परिषदेला ॲटलींनी फक्त निरीक्षक म्हणून जावं. चर्चिलने लगेच आरोळी ठोकली, बघा, उद्या हे सरकार बाहेरची समिती चालवणार! ॲटलींनी लास्कींना जुमानलं नाही. खऱ्यांना जे वर्ध्यात जमलं नाही, ते ॲटलींना जमलं.

२०१६ चं बघा. मजूर पक्षाच्या खासदारांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला. कॉर्बिन हलले नाहीत. सप्टेंबरमध्ये पक्षाच्या सामान्य सभासदांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. सभागृहातला पक्ष एकीकडे, बाहेरचा पक्ष दुसरीकडे.

२०२२ तर डोळ्यासमोरचं आहे. बोरिस जॉन्सन यांच्यामागे २०१९ च्या निवडणुकीतलं ८० चं बहुमत होतं. ६ जूनला त्यांनी आपल्याच खासदारांचं मतदान २११ विरुद्ध १४८ असं जिंकलं. महिनाभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि ७ जुलैला त्यांना पायउतार होत असल्याचं जाहीर करावं लागलं. मग लिझ ट्रस आल्या. खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक होते, पण सभासदांनी ट्रस यांना निवडलं. त्या ४९ दिवसच पंतप्रधान राहिल्या. ज्यांनी निवडलं ते सभासद देशभर पसरलेले, आणि ज्यांच्यासोबत रोज काम करायचं ते खासदार पाठीशी नाहीत. अशी खुर्ची टिकायची कशी?

मग फरक काय? लंडनमधल्या सगळ्या मारामाऱ्या घरातल्या घरात झाल्या. खऱ्यांनी घरातलं भांडण गव्हर्नरच्या दारात नेलं. गव्हर्नर म्हणजे ज्या राज्याविरुद्ध काँग्रेस लढत होती, त्याचा प्रतिनिधी. कायद्याने त्याला मंत्र्यांना काढायचा अधिकार होता, पण तो अधिकार वापरला जाऊ नये ही तर काँग्रेसची मूळ मागणी. फौजेत शिकलोय, आपल्या तुकडीत कितीही तंटा असो, समोरच्या खंदकातून पंच बोलवायचा नसतो. खऱ्यांचा प्रश्न बरोबर होता, पण तो विचारायला त्यांनी चुकीचा दरवाजा ठोठावला.

आणि मराठी माणसावर अन्याय म्हणाल, तर त्याच श्रेष्ठींनी १९३७ साली मुंबई प्रांतात नरीमन यांना बाजूला सारून बाळासाहेब खेर या मराठी माणसाच्या हाती सरकार दिलं होतं. तिथे तक्रार नरीमन यांची होती. वर बसलेल्यांना भाषा दिसत नव्हती, आज्ञापालन दिसत होतं.

पण श्रेष्ठींनाही मी सोडणार नाही. जानेवारी १९३९ मध्ये सुभाषबाबू पट्टाभी सीतारामय्या यांना हरवून पुन्हा अध्यक्ष झाले. १५८० विरुद्ध १३७७ मतं, म्हणजे प्रतिनिधींचा सरळ कौल. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन भरलं, यजमान तोच महाकोशल. तिथे त्यांच्या हातापायांत ठरावाची बेडी पडली आणि एप्रिलमध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्यांच्या अध्यक्षतेखाली खरे गेले, त्यांच्यावर नऊ महिन्यांत तशीच वेळ आली. यंत्र एकदा तयार झालं की ते माणूस बघून चालत नाही.

खरे पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, अलवर संस्थानाचे पंतप्रधान झाले, हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. शुक्ल १९५६ साली नव्या मध्यप्रदेशचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या नावाचं विद्यापीठ रायपूरला आहे, माझ्या घरापासून तासाभरावर.

मी हे का सांगतोय? आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसं. आपल्याकडे अन्यायाच्या गोष्टी पिढीजात जपल्या जातात, लोणच्याच्या बरणीसारख्या. माझ्या वडिलांच्या त्या रविवारच्या बैठकीला शेजारचे एक दुर्गचे गृहस्थही यायचे. खऱ्यांचा विषय निघाला की ते कप ठेवून उठायचे. मला वाटायचं, त्यांना उत्तर सुचत नाही. आता वाटतं, त्यांना आमच्याशी भांडायचं नव्हतं. आम्ही ठाकूर प्यारेलाल सिंहांचं नाव एकदा जरी घेतलं असतं, तर ते कदाचित दुसरा कप मागून बसले असते.

वडील आज नाहीत, ते शेजारीही नाहीत. म्हणून ही दुरुस्ती तुमच्यासमोर करतो. आपल्या माणसाचं चुकलं कुठे आणि बरोबर कुठे, हे दोन्ही मुलांना सांगा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.