भिंत पडल्यानंतर पुन्हा उभी राहिलेली भिंत : बर्लिन, २१ जुलै १९९०

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनची भिंत कोसळली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यानंतर साडेआठ महिन्यांनी त्याच जागी आणखी एक भिंत उभारली गेली. ती जवळपास १७० मीटर लांब आणि २५ मीटर उंच होती, म्हणजे मूळ भिंतीच्या सुमारे सातपट उंच. तिच्या विटा थर्माकोलसारख्या हलक्या पदार्थाच्या होत्या, आणि ती बांधली गेली ती एकाच रात्रीत पाडण्यासाठी.

निमित्त होते एका जुन्या अल्बमचे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द वॉल’ हा दुहेरी अल्बम १९७९ च्या नोव्हेंबरअखेर प्रसिद्ध झाला. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या अल्बमचा बर्लिनशी मुळात काहीही संबंध नव्हता. जुलै १९७७ मध्ये माँट्रियलच्या ऑलिंपिक स्टेडियममधील कार्यक्रमात गोंगाट करणाऱ्या प्रेक्षकांवर संतापून बँडचा प्रमुख गीतकार रॉजर वॉटर्स एका चाहत्यावर थुंकला. आपण आणि श्रोते यांच्यात भिंत उभी राहिली आहे, या जाणिवेतून कल्पना सुचली. तिच्यात मग बालपणीचे दुःख मिसळले. वॉटर्सचे वडील १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीतील आंझिओच्या लढाईत मारले गेले, तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. म्हणजे ही भिंत एका माणसाच्या मनातली. मात्र तिची पहिली वीट दुसऱ्या महायुद्धाने रचली होती, आणि बर्लिनचे दोन तुकडेही त्याच युद्धाच्या परिणामी झाले. नाते असेलच तर एवढेच, पण ते वरवरचे नाही.

१९८० आणि १९८१ मध्ये हा संपूर्ण अल्बम लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कनजीक, लंडन व डॉर्टमुंड येथे रंगमंचावर सादर झाला. मंचावर खरोखरच भिंत रचण्याचा खर्च एवढा प्रचंड होता की बँडला तोटा सोसावा लागला. गंमत अशी की मतभेदांमुळे बँडबाहेर काढलेला रिचर्ड राइट तेवढ्या प्रयोगांपुरता पगारी वादक होता. त्यामुळे पैसे मिळाले ते त्यालाच! पुढे १९८५ मध्ये वॉटर्सही बाहेर पडला. बर्लिनचा कार्यक्रम म्हणूनच पिंक फ्लॉइडचा नव्हे, एकट्या वॉटर्सचा.

त्याला तिथे आणण्यात मोठा वाटा होता लिओनार्ड चेशायर यांचा. ब्रिटिश वायुसेनेचे हे वैमानिक व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवरील अणुस्फोट त्यांनी विमानातून निरीक्षक म्हणून पाहिला होता. युद्धानंतर त्यांनी अपंग व आजारी माणसांसाठी निवासगृहे सुरू केली. मुंबईत अंधेरीचे चेशायर होम त्याच परंपरेतले. विसाव्या शतकातील युद्धांत बळी पडलेल्या प्रत्येक जिवामागे पाच पौंड, या हिशेबाने आपत्तिनिवारणाचा निधी उभारण्याचा त्यांचा संकल्प होता. कार्यक्रमाचा आरंभही त्यांनीच शिट्टी फुंकून केला.

जागा होती पोट्सडामर प्लाट्झ. १९२० च्या दशकात हा युरोपातील अत्यंत गजबजलेला चौक होता. बॉम्बहल्ल्यांनी तो उद्ध्वस्त झाला, आणि १९६१ पासून दोन भिंतींमधला निर्मनुष्य पट्टा बनला. त्या पट्ट्यात सैनिक आणि त्यांची कुत्री यांखेरीज कोणी फिरकत नसे. प्रयोगाच्या तयारीत न फुटलेल्या दारूगोळ्यासाठी जमीन तपासावी लागली, तेव्हा हिटलरच्या वाहनचालकांचा एक भूमिगत बंकर सापडला. त्याच्या भिंतींवर एस.एस. सैनिकांची चित्रे रंगवलेली होती. नोंद करून तो पुन्हा बंद करण्यात आला.

तारखेकडेही नीट पाहायला हवे. भिंत पडली असली तरी पूर्व जर्मनी हा देश तेव्हा नकाशावर होता. १ जुलैला पश्चिमेचे मार्क हे चलन तिथे लागू झाले होते आणि एकीकरणाला, म्हणजे ३ ऑक्टोबरला, दहा-अकरा आठवडे बाकी होते. मंचावर पूर्व बर्लिनच्या आकाशवाणीचा वाद्यवृंद व गायकवृंद होता, आणि जर्मनीतील सोव्हिएत सैन्याचे बँडपथकही. तीन वर्षांपूर्वी, जून १९८७ मध्ये, भिंतीपलीकडून डेव्हिड बोवीचे गाणे ऐकण्यासाठी जमलेल्या पूर्वेकडील तरुणांची पोलिसांशी झटापट झाली होती. आता त्याच शहरात सुमारे साडेतीन लाख लोक एकत्र उभे होते. गर्दी इतकी झाली की ऐन वेळी दरवाजे उघडून बिनतिकीट लोकांनाही आत सोडावे लागले.

आरंभी हॅनोव्हरचा स्कॉर्पिअन्स बँड आला, पुढे सिंडी लॉपर, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन. एकेक वीट चढत गेली आणि गायक भिंतीमागे दिसेनासे झाले. अखेरच्या खटल्याच्या प्रसंगात ॲल्बर्ट फिनी न्यायाधीश झाला, निकाल लागला आणि ती अजस्र भिंत ढासळली. अनेकांचा आक्षेप असा की वैयक्तिक एकाकीपणाच्या कथेला येथे राजकीय उत्सवाचा पोशाख चढवला गेला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु अठ्ठावीस वर्षे ज्यांनी खरी भिंत पाहिली, त्यांनी पडत्या विटांत काय पाहावे हे गीतकार ठरवू शकत नव्हता.

आर्थिकदृष्ट्या मात्र निराशाच पदरी पडली. खर्च वाढत गेला आणि चेशायर यांना अपेक्षित असलेला निधी उभा राहिला नाही. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी एक सावधगिरीची सूचना. त्या रात्री सुरुवातीलाच वीज आणि ध्वनियंत्रणा अनेकदा बिघडली. सिनेड ओ’कॉनरचे गाणे त्यात सापडले. म्हणून आज उपलब्ध असलेल्या चित्रफितीत काही भाग आदल्या रंगीत तालमीचे आहेत, आणि प्रत्यक्ष मैदानात उभ्या असलेल्यांनी ते तसे ऐकलेच नव्हते.