घराचे अंतरंग आणि मनाचे आरोग्य

इतिहास लिहिणारांचे लक्ष ज्या वास्तूंकडे जाते त्या बहुधा किल्ले, राजवाडे व देवालये ह्याच असतात. ज्या चार भिंतींच्या आत सामान्य माणूस जन्मतो, जेवतो, आजारी पडतो आणि अखेरचा श्वास घेतो, त्या भिंतींची गणना इतिहासाच्या साधनांत क्वचितच होते. वास्तविक मनुष्य घर बांधतो हे जितके खरे, तितकेच घर मनुष्याचे मन घडविते हेही खरे आहे. चूल कोठे असावी, उजेड कोठून यावा, परक्याने कोठपर्यंत यावे, निजावे कोठे, ह्या साध्या गोष्टींनी मनाची स्वस्थता किंवा अस्वस्थता कशी ठरत आली, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे. त्यासाठी आरंभ आम्ही एखाद्या राजधानीपासून न करता सह्याद्रीच्या कड्यावरील एका लहान गावापासून करतो.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, भीमाशंकरच्या रांगेत, आहुपे हे गाव आहे. येथून जुनी घाटवाट खाली मुरबाडकडे कोकणात उतरते. वस्ती मुख्यतः महादेव कोळी लोकांची. गावाजवळच भैरवनाथाची देवराई. पावसाळ्यात येथे चार महिने धुके, वारा आणि जलधारा ह्यांचेच राज्य असते. अशा प्रदेशात घर म्हणजे काय, हे मैदानात राहणाऱ्यास सहजी उमगणार नाही. ह्या डोंगरी मुलखातील जुन्या धाटणीचे घर पाहिले तर मेढी व वासे रानातल्या लाकडाचे, भिंती कारवीच्या कुडाच्या व वरून शेणमातीने लिंपलेल्या, छप्पर गवताचे किंवा कौलांचे आणि इतके खाली ओढलेले की, आत शिरताना उंच माणसास मान लववावीच लागते. आत गेल्यावर प्रथम दिसतो तो अंधार. मग हळूहळू चूल, जाते, कणगी, उतरंड, खुंटीवरचे इरले आणि त्याच छपराखाली एका बाजूस बांधलेली गुरे.

शहरातील सुशिक्षित मनुष्य हे दृश्य पाहून नाक मुरडतो आणि ‘अडाणीपणा’ असा एका शब्दात निकाल देतो. परंतु ह्या रचनेत विचार नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. छप्पर खाली आहे, कारण वारा व तिरपा पाऊस भिंतीपर्यंत पोचू नये. गुरे आत आहेत, कारण त्यांवाचून शेती नाही, आणि रात्री त्यांची चाहूल कानी असली म्हणजे धन्यास निश्चिंत झोप लागते. शिवाय त्यांची ऊब थंडीत घराला मिळते. चुलीचा धूर छपराच्या लाकडास व माळ्यावरच्या बियाण्यास किडीपासून राखतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस बाहेर पडणे कठीण झाले, तरी माणूस, जनावर, धान्य व अग्नी ही सारी एका दृष्टिक्षेपात आहेत, ही जाणीव मनास केवढा धीर देते! आज ज्याला आपण मानसिक सुरक्षितता म्हणतो, ती हीच नव्हे काय? मात्र ह्या धिराचे मोलही कोणीतरी देतच होते. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांनी आणि छातीने ते वर्षानुवर्षे दिले. जुन्या घराचे गुणगान करताना हे विसरणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय.

हाच हिशेब पुण्याच्या वाड्यांनाही लावून पाहिला पाहिजे. ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, देवघर ही रचना म्हणजे कुटुंबातील मानमर्यादेचा जणू नकाशाच होता. ओसरीवर उजेड, वारा आणि पुरुषांची बैठक. माजघरात अंधार, कुजबूज आणि बायकांचे आयुष्य. त्यातही बाळंतिणीची खोली सर्वांत काळोखी. खिडकी बंद, शेगडी पेटलेली, आणि ज्या स्त्रीस त्या वेळी प्रसन्नतेची सर्वाधिक गरज, तिलाच सूर्यदर्शन दुर्लभ! उलटपक्षी, चौकातील तुळशीवृंदावनाभोवती त्याच स्त्रियांना आकाशाचा एक तुकडा आणि परस्परांची सोबत लाभत असे, हेही नमूद केले पाहिजे. घराने दुःख दिले आणि विसावाही दिला. कोणाला काय मिळाले हे तो कोणत्या दालनात बसत असे ह्यावर अवलंबून होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या अंतरंगात सरकारने प्रथमच बळाने पाऊल टाकले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुण्यात पोचला. कोंदट, काळोख्या खोल्यांत रोग बळावतो, ह्या समजुतीने घरे तपासणे, सामान बाहेर काढणे, राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा करणे असे उपाय सुरू झाले. पुण्यात रँडसाहेबांच्या अमलाखाली गोरे सोजीर स्वयंपाकघरात व देवघरात शिरू लागले, आणि लोकांच्या मनात जो क्षोभ उसळला त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्री रँड ह्यांच्यावरील गोळीबारात झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन रुंद रस्ते व हवेशीर चाळी ह्यांची आखणी सुरू झाली. हवा-उजेडाचा आग्रह चुकीचा नव्हता. परंतु घराच्या उंबरठ्याला मन असते, आणि ते तुडवून आत नेलेले आरोग्य लोकांना आरोग्य वाटत नाही, हा धडा त्या वर्षांनी कायमचा शिकवून ठेवला.

उजेड आणि मन ह्यांचा संबंध पाश्चात्त्यांनीही अनुभवातून ओळखला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रोग्यास स्वच्छ हवेच्या खालोखाल उजेडाची गरज असते, असे आग्रहाने मांडले. पुढे सव्वाशे वर्षांनी, १९८४ साली, रॉजर उलरिच ह्या संशोधकाने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया संस्थानातील एका इस्पितळाची १९७२ ते १९८१ ह्या काळातील टिपणे तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. संख्या लहान खरी. पण खिडकी ही केवळ शोभेची वस्तू नव्हे, हे त्यावरून ध्यानी येते. आहुपेकरांस झाडे पाहण्यासाठी खिडकीची गरज नव्हती. दारात उभे राहिले की रान समोर होते. त्यांच्या घराचा अंधार सुसह्य झाला तो बाहेरच्या ह्या मोकळ्या विस्तारामुळे. तोच अंधार उचलून शहरातील गल्लीत आणून ठेवला, तर तो तुरुंग होईल.

आता गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील दोन आपत्तींकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद ही त्या भागातील सुस्थितीची खूण होती. एका रात्रीत तीच भयाची खूण झाली. उभी राहिलेली घरेही असताना लोक पत्र्याच्या आडोशाखाली निजू लागले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. सरळ रस्ते व एकसारखी घरे ह्यांची ती गावे मजबूत होती. परंतु जुन्या गावातील गल्ल्या, भावकीचा शेजार आणि वाड्यातला चौक त्या आखणीत मावला नाही.

दुसरी आपत्ती आहुप्याच्याच तालुक्यातील. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जीव मातीखाली गेले. गाव जागेवर नाही, ही वार्ता प्रथम एस. टी. बसच्या चालकाने दिली. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे सिमेंट-काँक्रीटची पक्की घरे बांधण्यात आली व २ एप्रिल २०१७ रोजी ती लोकांच्या हवाली झाली. त्याच जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तेथील रस्ते व भराव खचले, आणि लोकांच्या पोटात पुन्हा भीतीचा गोळा उठला. ज्याने डोंगर सरकताना पाहिला आहे, त्याला भिंतीची जाडी सांगून धीर येत नाही. त्याचे मन भिंतीपलीकडच्या उताराकडे कान लावून जागे असते.

ह्या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष आजच्या घडीस फार महत्त्वाचा आहे. घरकुल योजनांमुळे डोंगरी गावांतून पक्की घरे उभी राहत आहेत. २०१६ सालच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरविले आहे. गळणाऱ्या छपराखाली रात्र काढणाऱ्यास पक्क्या घराचे मोल आम्ही सांगावयास नको. परंतु २५ चौरस मीटरांत कणगी कोठे ठेवावी, गुरांचा आवाज कानी येईल असा गोठा कोठे असावा, पावसाळ्यात ओले घोंगडे कोठे वाळवावे, धूर कोठून जावा, म्हातारीने कोणत्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करावी, हे प्रश्न नकाशा काढणाराने विचारले नाहीत, तर घर मिळूनही मन बेघर राहील. आणि हे प्रश्न प्रथम विचारावयाचे ते घरातील बाईस; कारण त्या अंतरंगात दिवसाचे सर्वाधिक तास तीच काढते, आणि आजवर तिलाच कोणी विचारलेले नाही.

जुने ते सर्व पवित्र म्हणून अंधार व धूर जपणे जसे शहाणपणाचे नाही, तसेच नवे ते सर्व हितकर म्हणून एकच साचा कड्यावर आणि मैदानात सारखाच ओतणे हेही शहाणपणाचे नाही. प्लेगच्या वर्षांत उजेड आला, पण संमती आली नाही. भूकंपानंतर भिंती आल्या, पण शेजार आला नाही. आहुप्यासारख्या गावांत यापुढे जी घरे उठतील, त्यांत हवा, उजेड, संमती आणि शेजार ही चारही एकत्र नांदली, तरच त्यांस घर हे नाव शोभेल.