मुंबई कलाशाळेची मृत्पात्री

मुंबई कलाशाळेची मृत्पात्री : मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालेली झिलईदार व चित्रांकित मृत्पात्रे. जमशेटजींच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ मध्ये सुरू झाली. तिचे अधीक्षक जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात तेथे मृत्पात्रीची कर्मशाळा उभारली. याच सुमारास इंग्लंडमध्येही यंत्रोत्पादित भांड्यांच्या एकसुरीपणाला कंटाळून कलात्मक मृत्पात्रीच्या लहान कर्मशाळा निघत होत्या.

बीड-औरंगाबादकडील कुंभारांची घागर, रांजण, मडकी ही नित्योपयोगी भांडी बहुधा बिनझिलईची असत. झिलईचे परंपरागत ज्ञान सिंधमधील कुंभारांकडे होते. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने टेरी यांनी तेथील निष्णात कारागीर मुंबईस आणविले. भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देणे, टोचे पाडलेल्या कागदावरून कोळशाची पूड झटकून नक्षी उतरविणे, ती रंगविणे व झिलई देऊन भाजणे, अशी त्यांची पद्धती होती. तांब्याच्या संयुगांपासून हिरवा, तर कोबाल्टपासून निळा रंग मिळे. आरंभीची मुंबईची भांडी सिंधी भांड्यांहून वेगळी ओळखणे कठीण जाई.

पुढे या कामाला स्वतःचे वळण लाभले. जॉन ग्रिफिथ्स व कलाशाळेचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. अजिंठ्यावरून घेतलेले आकृतिबंध मृत्पात्रांवर आले. दुसऱ्या प्रकारात पौराणिक विषय रंगविले गेले. जॉर्ज बर्डवुड यांनी द इंडस्ट्रिअल आर्ट्‌स ऑफ इंडिया (१८८०) या ग्रंथात या दोन्ही प्रकारांचे श्रेय टेरी यांना दिले. वस्तुतः झिलईचे ज्ञान सिंधी कुंभारांचे, आकृतिबंध प्राचीन दख्खनी चित्रकारांचे आणि योजना टेरी यांची, असे हे संयुक्त कर्तृत्व होते.

लंडनला पाठविलेल्या अजिंठा-प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. अग्नीतूनच सिद्ध झालेली ही मृत्पात्रे मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. त्या काळी अजिंठ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले गेले, याची ती साक्ष होत. कलाशाळेत १९१० मध्ये सर जॉर्ज क्लार्क प्रयोगशाळा उभारण्यात आली, तेव्हाही प्रगत अभ्यासासाठी प्रथम मृत्पात्रीचीच निवड झाली.