प्रेक्षक-हिंसाचार, क्रीडाक्षेत्रातील
प्रेक्षक-हिंसाचार, क्रीडाक्षेत्रातील : सामना पाहण्यासाठी जमलेल्या समुदायाने खेळाडू, पंच, पोलीस, संयोजक अथवा प्रतिपक्षाचे पाठीराखे यांवर केलेला हल्ला, तसेच त्या ओघात झालेली जाळपोळ व नासधूस. हा प्रकार आधुनिक नाही. बायझंटिन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे रथशर्यतींच्या निळ्या व हिरव्या पक्षांचे समर्थक ५३२ मध्ये एकत्र आले आणि त्यांनी सम्राट जस्टिनियनविरुद्ध उठाव केला. त्यात सुमारे तीस हजार माणसे मारली गेल्याचे तत्कालीन इतिहासकार प्रोकोपियस याने नमूद केले आहे. एरवी परस्परांचे वैरी असलेले हे दोन पक्ष सत्तेविरुद्ध एक झाले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण महाराष्ट्रातील प्रमुख घटनांतही प्रेक्षकांचा रोष प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिकाऱ्यांवरच अधिक होता.

मुंबईतील क्रिकेटचा आरंभीचा इतिहास याची साक्ष देतो. यूरोपीय व पारशी यांच्यातील १८९२ पासूनच्या प्रेसिडेन्सी सामन्यांत १९०७ मध्ये हिंदूंचा व १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ सामील होऊन चौरंगी स्पर्धा सुरू झाली. १९३७ मध्ये तिला पंचरंगी स्वरूप आले. संघांची विभागणी धर्मानुसार असल्याने येथे दंगलीची भीती सर्वांत जास्त असावयास हवी होती. महात्मा गांधींनी १९४० मध्ये या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४५-४६ नंतर ते बंद झाले. तथापि शहरात जातीय तणाव असतानाही प्रत्यक्ष मैदानावरील खेळ सामान्यतः शांततेत पार पडे. मुंबईच्या मैदानांवरील मोठ्या दंगली झाल्या त्या स्वातंत्र्योत्तर काळात, आणि त्यांची कारणे वेगळी होती.

नोव्हेंबर १९६९ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सामना चालू होता. चौथ्या दिवशी भारताचा दुसरा डाव कोसळत असताना वेंकटराघवन यास यष्टीमागे झेलबाद ठरविण्यात आले. निर्णय देणारा पंच भारतीयच होता. आकाशवाणीवरील समालोचनातून व्यक्त झालेला संशय ट्रान्झिस्टरद्वारे प्रेक्षागारात तत्काळ पसरला. जे प्रेक्षक खेळपट्टीपासून फार दूर बसले होते त्यांना निर्णयाच्या चुकीची खात्री ध्वनिक्षेपणाने करून दिली. बाटल्या फेकण्यात आल्या, ईस्ट स्टँडमध्ये आगी लावल्या गेल्या. धुरामुळे खेळ दिसत नसल्याची तक्रार गुणलेखकांनी केली. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार बिल लॉरी याने मात्र खेळ चालू ठेवण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियाने आठ गडी राखून विजय मिळविला.

या स्टेडियमवरील आसनांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद होता. त्यातूनच वानखेडे स्टेडियम उभे राहिले. सभासदांची जागा कोणती व सामान्य तिकीटधारकाची कोणती, हा प्रश्न त्यामागे होता.

नव्या स्टेडियमवरील पहिल्याच कसोटीत, जानेवारी १९७५ मध्ये, पुन्हा दंगल झाली. वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याचे द्विशतक पूर्ण होताच एक तरुण त्याचे अभिनंदन करण्यास मैदानात धावला. पोलिसांनी त्यास मारहाण केली. प्रेक्षक खवळले, मोडतोड झाली आणि दुसऱ्या दिवसाचा चहापानानंतरचा खेळ होऊ शकला नाही. लॉइड २४२ धावांवर नाबाद राहिला. ज्या कृत्याबद्दल तरुणाला मार मिळाला ते प्रतिपक्षाच्या कर्णधाराचे कौतुक होते, आणि मुंबईचे प्रेक्षक चिडले ते त्या तरुणाच्या बाजूने. या दंगलीस राष्ट्राभिमानाचा अतिरेक म्हणणे हास्यास्पद ठरेल. १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर क्षमतेहून अधिक लोक आत आल्यानंतर पोलिसांनी लाठीमार केला व त्यातून जाळपोळ झाली. तेथेही क्रम हाच दिसतो.

याउलट प्रकार कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये आढळतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा इ. तालीम मंडळांचे संघ पेठांशी निगडित असून राजर्षी शाहू स्टेडियमवर समर्थकांत हाणामाऱ्या होऊन सामने थांबवावे लागले आहेत. येथे वैर मैदानावर जन्मत नाही. ते पेठेतून येते व पेठेत परतते. यवतमाळ व विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतील शंकरपटातही बैलजोडीबरोबर मालकाची व गावाची प्रतिष्ठा पणास लागते. पण प्रेक्षक, धुरकरी व पंच परस्परांना ओळखत असल्याने तंट्याची दाद तेथल्या तेथे मागता येते. स्टेडियमवरील प्रेक्षकास अशी सोय नसते.

समाजशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटिश अभ्यासक इअन टेलर याने १९७१ च्या सुमारास, क्लब श्रमिक वर्गाच्या हातून निसटल्याची भावना हे मूळ मानले. पीटर मार्श व त्याचे सहकारी यांना गॅलरीतील आक्रमकतेत नियमबद्ध विधी दिसला. तर एरिक डनिंग याने नॉर्बर्ट एलिआसच्या सभ्यीकरणाच्या उपपत्तीचा आधार घेतला. ब्रुसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर २९ मे १९८५ रोजी लिव्हरपूलच्या समर्थकांनी चाल केल्याने ३९ जण मृत्यू पावले, तेथे मार्शचे विवेचन अपुरे पडते. परंतु प्रेक्षकांस सरसकट दंगेखोर मानण्याची सवयही घातक ठरली आहे. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ बळी गेले, त्याचा दोष प्रारंभी प्रेक्षकांवरच टाकण्यात आला होता. २०१६ मध्ये न्यायचौकशीतील ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवून पोलिसांच्या व्यवस्थेतील गंभीर चुकांवर बोट ठेवले.