एकट्या जिवाचा संसार आणि भंडाऱ्याचे पितळ

स्मरणिकेसाठी काहीतरी जुने लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. सोसायटीचा इतिहास अध्यक्षसाहेब लिहितीलच. मी आपला भांड्यांचा लिहितो. पहिल्यांदा एकट्याने खोली मांडायची तर काय काय लागते, या यादीतही आपल्या गावाचा इतिहास आहे.

भंडारा म्हणजे पितळेचे गाव. भाणा म्हणजे पितळेचे ताट, त्यावरून भाणारा आणि मग भंडारा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पूर्वी घर मांडणे म्हणजे पितळ घेणे. गुंड, गंज, गडवे, पराती लग्नात यायच्या, त्यांवर नाव कोरलेले असायचे. अडीनडीला त्या सावकाराकडे गहाण पडायच्या आणि फुटल्या तरी मोड म्हणून वजनावर पैसे यायचे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती घरातली मुदत ठेवच!

पण पितळ भरल्या घरासाठी. ते चिंच नाहीतर राख लावून घासणारे हात हवेत. आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडे तापवी, नवसागर टाकी, कथील फिरवून पुसून घेई. कल्हई उडाली की पुन्हा तेच. नाहीतर ताक, आंबट वरण कळकलेच म्हणून समजा.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तेव्हा देशात बँकांच्या शाखा सव्वाआठ हजारांच्या आसपास होत्या, १९९१ पर्यंत त्या ६० हजारांवर गेल्या. त्या चालवल्या कोणी? पंचविशीतल्या पोरांनी, बदलीच्या गावी, भाड्याच्या एका खोलीत राहून. मास्तर, ग्रामसेवक, तलाठी यांचेही तसेच. १९७४ मध्ये मी साकोलीला असाच राहिलो. सामान काय? वळकटी, टिनाची पेटी, कंदील, स्टोव्ह आणि त्याची पिन, ॲल्युमिनियमचे दोन गंज, तवा, पोळपाट-बेलणे, स्टीलचे ताट-वाटी-पेला. आणि आईने बळेच दिलेला पितळेचा गुंड. "लेका, पाणी तरी चांगल्या भांड्यातलं पी!"

याहून मोठी वस्तू म्हणजे रेशन कार्ड. त्यावर साखर आणि स्टोव्हचे रॉकेल. इंडेनची पहिली जोडणी कोलकात्यात १९६५ मध्येच दिली गेली होती, पण आमच्यासारख्यांना गॅससाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे.

स्टील आणि गॅस आले आणि एकट्याचा संसार सोपा झाला. कल्हई नको, राख नको, रॉकेलची रांग नको. नोकरीवरून थकून आलेल्या माणसाला दहा मिनिटांत खिचडी चढवता येऊ लागली. नर्स, शिक्षिका झालेल्या पोरी परगावी स्वतःची खोली करून राहू लागल्या, त्यालाही या सामानाचा हातभार आहे. मला त्याचे कौतुकच आहे. पण ज्या भांड्यांनी आम्हाला एकट्याने राहता आले, त्यांनीच पितळेचे गिऱ्हाईक नेले. कासारांची पुढची पिढी दुसऱ्या धंद्याला लागली.

आणखी एक गोष्ट गेली. भांड्यावर नाव कोरायचे ते निव्वळ हौसेने नाही. लग्नकार्यात गंज, पराती शेजारी जायच्या, त्या ओळखून परत याव्यात म्हणूनही. आता ज्याचे त्याच्याकडे जेमतेम आपल्यापुरते असते, बाकी कॅटरिंगवाला आणतो. मागणे संपले, तसे जाणे-येणेही कमी झाले.

म्हणून एक सूचना. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आजीचे पितळ पडले आहे. ते मोडीत घालू नका. एकेक भांडे सोसायटीला द्या. कल्हई करून गणपतीच्या महाप्रसादाला वापरू. देणाऱ्याच्या घरचे नाव त्यावर आहेच, बाजूला सोसायटीचे कोरून घेऊ. एकट्याने राहणाऱ्या आपल्या तरुण भाडेकरूंकडे चार पाहुणे आले, तर मोठा गंज विकत घ्यायची गरज नाही. सोसायटीतून न्यावा आणि घासून परत आणावा.