फोल्डर गेलं कुठं?

शेअर्ड ड्राइव्ह असलेल्या कुठल्याही ऑफिसात ही हाक अधूनमधून ऐकू येतेच: 'अरे, ते अमुक फोल्डर कुणी उडवलं?' बहुतेक वेळा कुणी उडवलेलं नसतं. ते शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन गुपचूप बसलेलं असतं. डबल-क्लिक करताना कुणाचा तरी हात जरासा हलला, विंडोजला वाटलं ह्यांना ओढायचंय, आणि झालं! ही सोय (की गैरसोय?) मुळात आली कुठून ते बघायला बसलो आणि विकांत त्यातच गेला.

सुरुवात झेरॉक्सपासून करू. १९८१ साली त्यांचा 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आला. डेस्कटॉप, आयकॉन, फोल्डर, माऊस असा सगळा संसार त्यात होता. पण फाइल हलवायला ती ओढायची नाही बरं का! आधी फाइल निवडायची, मग कीबोर्डवरचं 'मूव्ह' असं लिहिलेलं बटण दाबायचं, आणि मग जागा दाखवायची. म्हणजे 'मला हलवायचंय' हे यंत्राला स्पष्ट सांगावं लागे.

ॲपलने १९८३ मध्ये लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश आणला तेव्हा ते बटण गेलं. आयकॉन धरायचा, ओढायचा, सोडायचा. दिसायला झकास, शिकायला सोपं. फक्त उघडणं आणि हलवणं ह्यातला फरक आता हाताच्या स्थिरतेवर आला. तेव्हा त्याने काही बिघडत नव्हतं म्हणा. मॅक एका माणसाचा, एका टेबलावरचा, आणि फ्लॉपी ४०० केबीची. हरवून हरवून फाइल हरवणार तरी कुठे?

विंडोज ३.१ (१९९२) वापरलेल्या मंडळींना फाइल मॅनेजर आठवत असेल. त्यात काही ओढून सोडलं की तो आधी विचारायचा, 'नक्की हलवू ना?' हा प्रश्न नको असेल तर 'कन्फर्मेशन'मध्ये जाऊन 'माऊस ॲक्शन'ची खूण काढायची. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं, फाइल मॅनेजरच्या जागी एक्सप्लोरर बसला, आणि ओढण्याआधीचा तो प्रश्न गेला. त्याऐवजी मिळाला अन्डू. ह्यात मला तरी काही चूक दिसत नाही. सारखं सारखं विचारलं की माणूस न वाचताच एंटर मारतो, त्यापेक्षा अन्डू केव्हाही बरा. पण कुठे? स्वतःच्या मशीनवर.

शेअर्ड ड्राइव्हवर खरी गोची आहे ती इथे. अन्डू असतो तो ज्याच्या हातून फोल्डर सरकलं त्याच्या मशीनवर, आणि त्याला तर काही झालंय हेच माहीत नसतं. ज्याला कळतं की फोल्डर गेलं, त्याच्याकडे अन्डू नसतो! त्यात भर म्हणजे एकाच ड्राइव्हवर मूव्ह करणं म्हणजे फक्त पत्ता बदलणं, डेटा जागचा हलत नाही. त्यामुळे चाळीस जीबीचं फोल्डरसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब. दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं असतं तर कॉपी झाली असती, वर ती हिरवी पट्टी तरी दिसली असती.

एका ऑफिसात ऐन महिनाअखेरीला बिलांचं फोल्डर असंच गेलं होतं. संशय कुणावर? नुकत्याच रुजू झालेल्या मुलीवर. दोन दिवसांनी ते भलत्याच फोल्डरमध्ये सापडलं. कुणाच्या हातून गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सर्व्हरवर ऑडिटिंग चालूच नव्हतं. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. असो.

युनिक्सवाल्यांना हा प्रश्न फार आधी भेटला. तिथे फाइल हलवायला फाइलवर हक्क लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याचा हक्क लागतो. मग सगळ्यांच्या सामायिक 'टेम्प' डिरेक्टरीत कुणीही कुणाचीही फाइल उचलावी अशी परिस्थिती. १९८६ च्या ४.३ बीएसडीने ह्यावर तोडगा काढला तो 'स्टिकी बिट'चा. हा बिट मुळात प्रोग्रॅम स्वॅपमध्ये चिकटून राहावा म्हणून होता, नाव त्यावरूनच पडलं. आता डिरेक्टरीवर तो लावला की फाइल हलवणार फक्त तिचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट.

विंडोजमध्ये १९९३ च्या एनटीपासून, म्हणजे एनटीएफएसबरोबर, ह्याहून बारीक हक्क आले. 'डिलीट' हा वेगळा हक्क आहे आणि मूव्ह करायला तो लागतो. मग सरसकट काढून टाकावा? तसं केलं की वर्ड रुसतं. वर्ड सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहितं, जुनी उडवतं आणि नवीला जुन्याचं नाव देतं. डिलीट नाही तर सेव्ह नाही.

म्हणून मधला मार्ग: वरच्या थरातल्या फोल्डरांवर 'धिस फोल्डर ओन्ली' निवडून वाचण्याचे आणि आत नवीन काही तयार करण्याचे हक्क द्यायचे, डिलीट नाही. 'सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली'वर मॉडिफाय द्यायचं. फुल कंट्रोल कुणालाही नाही, कारण त्यात 'डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स' लपलेलं असतं आणि त्याच्या जोरावर आतलं काहीही हलतं. आतल्या खोलीत सामान इकडचं तिकडे होईल, पण अख्खी खोली तरी जागेवर राहील.

दुसरा उपाय प्रत्येकाच्या मशीनवरचा. माऊस किती पिक्सेल हलला की 'ओढलं' म्हणायचं, हा आकडा रजिस्ट्रीत चालू युजरच्या 'कंट्रोल पॅनेल'खालच्या 'डेस्कटॉप'मध्ये असतो. ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट अशा दोन नोंदी. मूळ आकडा ४. विंडोज ९५ च्या काळातल्या ६४० बाय ४८० च्या चौदा इंची पडद्यावर चार पिक्सेल म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर! तो वीस-तीस करायचा, लॉग ऑफ करून परत यायचं. ह्याला ॲडमिनची परवानगीही लागत नाही, रजिस्ट्री एडिटर बंद केलेला नसला म्हणजे झालं.

आणि तो जुना फाइल मॅनेजर? २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सोर्स कोड खुला केला. तो आजच्या विंडोजवर चालतो, आणि 'माऊस ॲक्शन'ची चौकटही त्यात अजून आहे.