समुद्रकिनारचा वाद

विष्णुबुवा ब्रह्मचारी मूळचे शिरवलीचे. तेव्हाचा कुलाबा, आताचा आपला रायगड. जन्म १८२५. कस्टमची नोकरी सोडून सप्तशृंगीवर तप केले आणि तिथे दत्तात्रेयाने साक्षात ज्ञान दिले, असे ते सांगत. १८५७ साली, जानेवारी ते मे, मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले. समोर अमेरिकन पाद्री जॉर्ज बोवेन. हे बोवेन तरुणपणी देव न मानणारे! १८४४ मध्ये वाग्दत्त वधू वारली. तिच्या शेवटच्या इच्छेखातर बायबल उघडले आणि पुढे श्रद्धा बसली.

म्हणजे अनुभव दोघांकडेही होता. खोटा कुणाचाच म्हणणार नाही मी; पण एकाचा अनुभव दुसऱ्याला पुरावा कसा व्हावा? तीनच वर्षांपूर्वी आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि पाद्री फांडर यांचा मुनाझरा झाला होता. तो बायबलच्या मजकुरात फेरफार झाला की नाही, यावर. तिथे निदान पान उघडून दाखवता येत होते. सप्तशृंगीवरचे काय दाखवणार, आणि मरणाऱ्या मुलीचा शब्द तरी कसा तपासणार?

किनाऱ्यावरच्या वादांचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी निघाला. संपादक खुद्द बोवेन. तो वाचताना बुवांचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते प्रतिपक्षाच्या लेखणीतून.